सुरी हातात देऊ नये

माझ्या सासूबाईंनी सोसायटीत सांगून ठेवलेलं, सून प्रेसमध्ये कामाला लागली. त्यांची चूक नाही, मीच घरी तसं सांगितलेलं. पण प्रेस म्हटलं की कल्याणात माणसाच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. आठवड्याभरात तळमजल्यावरच्या काकू नळाला पाणी येत नाही, तेवढी बातमी छापून आणा म्हणून अर्ज घेऊन आल्या. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ सात शर्ट घेऊन आले, क्रीज कडक पाहिजे बोलले. मी दोघांनाही दारातच सांगितलं की मी सुऱ्या बनवते. काकू एक पायरी खाली उतरल्या. शर्टवाले गृहस्थ तेव्हापासून मी लिफ्टमध्ये असले की जिन्याने जातात.

आमची प्रेस म्हणजे टेबलावर बोल्टांनी आवळलेलं बिडाचं धूड. एक जाड चौकोनी दांडा, त्याला दाते, बाजूला लांब हँडल. हँडल ओढलं की दांडा खाली येतो, सोडलं की वर जातो. खाली एक जाडजूड लोखंडी थाळी. मोटर नाही, वीज नाही, आवाजसुद्धा नाही. कंपनीत तिला आर्बर प्रेस म्हणतात आणि तिचं खरं काम बेअरिंग बसवणं, काढणं एवढंच. ठाण्यातला एक कारखाना बंद पडला तेव्हा ती भंगारात आलेली, तिथून मामांनी उचलली. पुढे त्या एका प्रेसवर त्यांनी जे जे केलं ते सांगायला गेले की लोक मला खोटारडी समजतात. समजू देत. मी अकरा वर्षं रोज बघितलंय आणि रोज चाट पडलेय.

मामांचं नाव लिहीत नाही. त्यांना आपलं नाव कागदावर आलेलं खपत नाही. शेडचं लाइटबिलसुद्धा अजून त्यांच्या वडिलांच्या नावाने येतं, आणि वडील जाऊन जमाना झाला. सगळं शहाड त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही मामा म्हणायची. ते मला बाय म्हणायचे. इथली जुनी माणसं मुलीबाळींना म्हणतात तसं.

मी पहिल्यांदा गेलेले ते विळी घेऊन. तेव्हा चौतीस वर्षांची होते. डोंबिवलीत एका कपड्यांच्या कंपनीत चेकिंगला होते, म्हणजे शिवलेला शर्ट समोर आला की शिलाई सरळ आहे का ते बघायचं. कंपनी बंद पडली आणि मी घरी बसून सासूबाईंचं डोकं खायला लागले. त्यात विळीचं पातं खिळखिळं झालं. कोणीतरी बोललं, शहाडला स्टेशनच्या मागे एक म्हातारा आहे, तो बसवून देईल. गेले. काळ्याकुट्ट शेडमध्ये पांढराशुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून एक माणूस बसलेला. शर्टाचा खिसा शिवून बंद केलेला. त्यांनी विळी उलटी केली, पितळेचा खिळा भोकावर धरला आणि एका हाताने प्रेसचं हँडल ओढलं. ठोकाठोक नाही, काही नाही. लोण्यात बोट जावं तसा खिळा आत गेला.

मी विळी डोळ्यांसमोर धरली आणि बोलले, "वाकडी बसलीय."

मामांना असं कोणी बोललेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी विळी घेतली, दाराच्या उजेडात नेली, एक डोळा मिटून बघितली.

"अर्धा सूत," ते बोलले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "तुना दिसलं कसं?"

"वाकडं आहे तर दिसणारच ना."

"उद्यापासून ये."

मी विळी दुरुस्त करायला गेलेले आणि नोकरी घेऊन आले. ती विळी तशीच वाकडी राहिली, आजही घरात आहे. तिच्यावर कोथिंबीर चिरताना मला अजून राग येतो.

मामा इथलेच, भूमिपुत्र. आजा खाडीकडच्या मिठागरात राबायचा, बाप शेती करायचा. शेतावर आता टॉवर उभे आहेत. थोरला भाऊ समोरच्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहतो आणि मामा शेडमागच्या दोन खोल्यांत. मिठागर गेलं तरी मीठ काही मामांच्या अंगातून गेलं नाही. पोलादाचं पातं लालभडक करून बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात, त्याने ते कडक होतं. सगळं जग आता त्यासाठी तेल वापरतं, कारण तेलात पातं कमी वाकतं. मामा मिठाचं पाणी करायचे, जाड्या मिठाचं, आणि मीठ बरोबर पडलंय की नाही ते जिभेवर थेंब ठेवून ठरवायचे. त्या पाण्यातून दहापैकी सहा पाती वाकडी निघायची. एखादं पिंपातच टिंग करून तडकायचं. मामा मान हलवून पुढचं पातं घ्यायचे.

"मामा, तेल का नाही वापरत?" मी एकदा विचारलं.

"तेलात काय, कोणीपण करील."

मग ती वाकडी पाती मंद आचेवर शेकून प्रेसवर यायची. थाळीवर दोन पितळी खुंट्या, वरून दांड्याला एक. फुगवटा वर करून पातं मधे ठेवायचं आणि हँडल ओढायचं. पहिल्या दिवशी मी पातं सरळ होईपर्यंत दाबलं आणि सोडलं. ते परत वाकडं. परत दाबलं, परत वाकडं. घामाघूम झाले. मामा मागे उभे राहून बशीतून चहा पीत होते.

"सरळ करायचं तर सरळवर थांबायचं नाय," ते बोलले. "सरळच्या थोडं पुढं न्यायचं. मग सोडलं की ते आपलं आपण मधी येतं."

"थोडं म्हणजे किती?"

"ते पात्याला इचार."

मी पात्याला विचारलं. पातं मोडलं. मामांनी बशी खाली ठेवली, झाडू आणून माझ्या हातात दिला आणि दुसरं पातं थाळीवर ठेवलं. मला वाटलेलं ओरडतील, तर ते जेवायला निघून गेले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते जेवायचे. जगात काहीही चालू असो, अकरा दहाला भात आणि सुकट, अकरा चाळीसला परत शेडमध्ये.

आता ठशाची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय मामा कळत नाहीत. सुरीवर कारागिराची खूण असते. ती प्रेसखाली ठसा ठेवून दाबून उमटवतात, आणि ती पाणी देण्याआधी उमटवावी लागते. नंतर पोलाद इतकं कडक होतं की ठसाच फुटेल. म्हणजे सुरी चांगली निघणार की टाकाऊ, हे कळायच्या आधीच तिच्यावर तुमची खूण पडून गेलेली असते. मामांची खूण म्हणजे एक बारका चौकोन आणि मधे आडवी रेघ. मिठाचा वाफा. आणि एकदा खूण पडली की ती सुरी वाईट असून शेडच्या बाहेर जाणं मामांना शक्यच नव्हतं.

म्हणून ते प्रत्येक तयार सुरी परत प्रेसवर घ्यायचे. मूठ बसवून, धार लावून, पुसून झालेली. वर गोणपाट टाकायचे आणि पातं इतकं वाकवायचे की बघणाऱ्याचे डोळे आपोआप मिटावेत. सोडल्यावर सरळ आली तर पास. वाकलेली राहिली किंवा कडेला केसाएवढी चीर दिसली, तर तिथल्या तिथे मोडायची. मी बोलले, मामा, मूठ बसवायच्या आधी बघा ना, माझी मेहनत फुकट जाते. तर म्हणे, "मूठ लागल्याबिगर पातं खरं बोलत नाय."

माझा दुसरा महिना. टेंभी नाक्याकडचा एक केटरर नवरात्रातल्या भंडाऱ्यासाठी तीस सुऱ्या न्यायला आला. सगळ्या तिसांच्या मुठी मी बसवलेल्या, शिसवीच्या, एकेका मुठीला तीन खिळे. मामांनी त्याच्यासमोरच एकेक सुरी वाकवायला घेतली. पहिली मोडली. चौथी मोडली. मग ओळीने पाच. तो माणूस आधी हसत होता, मग त्याचं तोंड उघडं राहिलं.

"अहो मामा, राहू द्या. कांदे तर कापायचेत. मला चालेल."

"तुना चालंल. मना नाय चालणार."

एकवीस सुऱ्या मोडल्या. नऊ उरल्या, त्या त्यांनी कागदात बांधून दिल्या, आणि बाकीच्या दसऱ्यानंतर, असं सांगितलं. दसऱ्यानंतर तो कशाला येतोय? मी तिथेच बसून पडलेल्या मुठी गोळा केल्या आणि रडले. पुढचे दोन दिवस मी मामांशी एक शब्द बोलले नाही. नंतर कळलं की मी बोलत नाहीये हे त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.

एवढा कर्मठ माणूस, पण वैशाख आला की त्याच प्रेसच्या दांड्याला जाड पातं लावायचा आणि अख्ख्या गल्लीच्या कैऱ्या फोडून द्यायचा. खरंच सांगते. बायका पिशव्या भरभरून कैऱ्या घेऊन शेडच्या दारात उभ्या. मामा पांढऱ्या शर्टात. कैरी ठेव, हँडल ओढ, कोयीसकट दोन फाका. प्रत्येकीला बारा फोडींची कैरी की सोळा फोडींची हे विचारायचे. माझ्या सासूबाई बघायला म्हणून एकदा आलेल्या, त्या पाच किलो कैऱ्या फोडून घेऊन गेल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, तू प्रेसमध्ये आहेस ते बरंच आहे. मग संध्याकाळी मामा प्रेसचा दाता न् दाता पुसून तेल लावत बसायचे, आंबटाने गंज चढतो म्हणून. रिक्षावाल्यांची बेअरिंगं बसवून द्यायचे, सायकलींचे वाकडे पायडल सरळ करायचे, हट्टी बरणीचं झाकण सोडवायचे. दसऱ्याला मात्र प्रेसची पूजा नाही. झेंडूचं एक फूल नाही. मी हार नेला तर बोलले, "वर्साचं तेल एका दिवशी घालणाऱ्यांनी पूजा करावी." तो हार मी घरी आणून दाराला लावला.

आणि तरी हाच माणूस सुरी कोणाच्या हातात द्यायचा नाही.

आपल्याकडे मीठ, मिरची, कात्री, सुरी हातात देऊ नये म्हणतात, भांडण होतं. माझी आईही म्हणायची, पण घाई असली की द्यायची. मामा नाही. ते सुरी प्रेसच्या थाळीवर ठेवायचे, हात मागे घ्यायचे, एक पाऊल सरकायचे. मग तुम्ही उचलायची. गिऱ्हाइकाने हात पुढे केला तर तो हात पुढेच राहायचा आणि मामा हवापाण्याच्या गप्पा मारायचे, त्याला समजेपर्यंत. एकदा एका माणसाला इतका वेळ लागला की मामांनी उल्हास नदीच्या जुन्या पुरापासून सुरुवात करून धरणापर्यंत आणलं. मी आत तोंडात पदर कोंबून उभी. मलाही तेच. अकरा वर्षांत त्यांच्या हातातून माझ्या हातात एकही सुरी आली नाही, सगळ्या थाळीवरून आल्या.

"मामा, तुम्ही पण?" मी एकदा चिडवलं. "एवढं पोलाद कळतं तुम्हाला, आणि हे कसलं बायकी खूळ?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक जुना कोयता टांगलेला होता. तो इतकी वर्षं तिथे होता, मी कधी विचारलं नव्हतं.

"शेतावर थोरल्यानं ह्यो कोयता माझ्या हातात दिला. हातात. मी घेतला. त्या सांजेला आमचं भांडान झालं. तवापासून बोलणं नाय."

"कशावरून झालं?"

"कोयत्यावरून."

"अहो, जमिनीवरून झालं असेल."

"जमीन तर आधीपासून होती," मामा बोलले. "तवर नाय भांडलो."

समोर सातव्या मजल्यावर भावाच्या गॅलरीत कपडे वाळत होते. खालून शेडमधून ते दिसायचे, आणि वरून त्यांना आमचं छप्पर दिसत असणार. मी हसणार होते, पण मामांचं तोंड बघितलं आणि हसायचं राहून गेलं.

शेडमधल्या माझ्या सातव्या वर्षी मला पहिल्यांदा दिसलं की मामांनी सरळ केलेलं पातं सरळ नाहीये. अर्धा सूत. मी दाराच्या उजेडात नेऊन बघितलं, तीनदा बघितलं. माझा विश्वासच बसेना. मग त्यांच्या हाताकडे बघितलं. हँडल ओढताना हात ठीक होता, सोडताना थरथरत होता. आणि सरळ करण्यात सगळी करामत सोडण्याच्या आधीच्या त्या क्षणात असते. अकरा दहाला ते जेवायला गेले आणि मी ते पातं परत खुंट्यांमध्ये घेतलं, सरळच्या थोडं पुढे नेलं, सोडलं, होतं तिथे ठेवून दिलं. मामा आले, त्यांनी एक डोळा मिटून बघितलं, मान हलवली.

मग ते रोजचंच झालं. अर्ध्या तासात सात-आठ पाती. कान दाराकडे. चोरी करते आहे असं वाटायचं, आणि तसं बघायला गेलं तर होतीच. पण त्यांच्या खुणेची एकही वाईट सुरी बाहेर जाऊ द्यायची नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलेले.

अशात अकराव्या वर्षी एक शेफ आला. ठाण्यात एका हॉटेलचं किचन सांभाळतो, राहायला वर्तकनगरला, चटपटीत मुलगा. त्याच्याकडे आमच्या चार सुऱ्या होत्या. तो मला बाजूला घेऊन बोलला, "मॅडम, ह्या मामांच्या हातच्या नाहीत, तुमच्या आहेत ना?" मी हबकले. तो बोलला, मूठ बाईच्या हाताच्या मापाची आहे, म्हणून त्याच्या किचनमधल्या मुली त्या सोडत नाहीत. डोंबिवलीत त्याच्या मावशीचा गाळा रिकामा होता. तो मी घ्यावा, माझ्या नावाने बनवावं, तो स्वतः घेईल आणि अजून पाच किचनना सांगेल. महिन्याच्या आत हो किंवा नाही सांगा, नाहीतर मावशी गाळा डेंटिस्टला देणार.

मला तो गाळा हवा होता. खोटं कशाला बोलू, इतका हवा होता की जाऊन दोनदा बाहेरून बघून आलेले. नवरा बोलला घे, सासूबाई बोलल्या घे, आणि मी शेफला फोन करून नाही सांगितलं. अकरा दहा ते अकरा चाळीस मामांची पाती कोण सरळ करणार, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. तो मी कोणालाच सांगितला नाही. मामांना तर गाळ्याचंच काही सांगितलं नव्हतं.

पण शेफच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने मामांना फोन केला, मॅडमना जरा समजवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. मामा प्रेसजवळ उभे होते, हातात एक सुरी. मी ओळखली ती. माझी पहिली, मूठ भदाडी, खिळे तिरके, पातं मऊ. मामांची खूण असलेली एकुलती एक वाईट सुरी, जी त्यांनी मोडायला हवी होती. ती मोडली असंच मी इतकी वर्षं समजत होते.

मी थाळीकडे बघितलं, की आता तिथे ठेवतील. त्यांनी ठेवली नाही. माझा उजवा हात धरला, उघडला, आणि सुरी मुठीकडून माझ्या हातात दिली.

ज्या खुळाला मी अकरा वर्षं हसत होते त्याने माझ्या अंगावर काटा आला. सुरी टाकून द्यावी तर टाकता येईना.

"आता भांड," मामा बोलले.

"मामा, काय हे?"

"तू नाय भांडत तर मी भांडतो." आणि खरंच सुरू झाले. तुझं काम बिघडलंय. मुठी जाड व्हायला लागल्यात. वर्सभर एक पातं धड नाय. मी ऐकून घेत होते, कारण यातलं एकही खरं नव्हतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. मग ते बोलले, "हितं कशाला येतेस मग रोज? म्हाताऱ्यावर दया करायला?"

ते मात्र लागलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हो, दयाच," मी बोलले. "हात थरथरतो तुमचा. तुम्ही सरळ केलेलं एक पातं सरळ नसतं. तुम्ही जेवायला गेलात की मी बसून परत सरळ करते. रोज. तीन वर्षं. कळलं?"

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. मामांनी शर्टाच्या शिवलेल्या खिशावरून हात फिरवला.

"चार," ते बोलले.

"काय?"

"चार वर्सं, बाय. तीन नाय. जेवायला मना धा मिंटं लागतात. बाकी वीस मिंटं मी मागं बसून राहायचो. तुझं होऊ दे म्हणून."

मी चार वर्षं कान दाराकडे लावून, जीव मुठीत धरून जे लपवत होते, ते हा माणूस भिंतीपलीकडे ताटासमोर बसून ऐकत होता. मला दयेपेक्षा, दुःखापेक्षा, आधी संताप आला. मला येडी बनवलं. मी तसं बोलले. अजून बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. कोयत्याचंही बोलले, की तुम्हाला माणसं ठेवताच येत नाहीत, सख्खा भाऊ समोर राहतो आणि तुम्ही लोखंडाला दोष देता. मामा ऐकत होते. मी सुरी हातात तशीच घेऊन निघाले. रिक्षावाल्याने ती बघितली आणि पुढचे दोघे पॅसेंजर भरलेच नाहीत.

घरी पोचून मी शेफला फोन केला आणि गाळ्याला हो बोलले. रागात बोलले. महिना संपायला दोन दिवस होते.

आठ महिने मी मामांशी बोलले नाही. त्यांचाही फोन नाही. गाळ्यात मी भट्टी लावली, व्हाईसच्या शिकंज्यात धरून पाती सरळ करायला लागले, निम्मी मोडली. तेल वापरून बघितलं आणि सोडून दिलं. मुंबईच्या बाजारातून मामांसारखंच जाडं मीठ आणलं, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. सुऱ्या जात होत्या, पण त्यांच्यावर खूण नव्हती. शेफ बोलायचा, मॅडम, खूण टाका, लोक नाव विचारतात. ठसा मी बनवून घेतलेला, बारकी विळी, तो खणात पडून होता. खूण टाकायची म्हणजे ही सुरी माझी असं सुरी होण्याआधीच बोलायचं. ते माझ्याच्याने होईना. आणि कोणाला विचारावं तर ज्यांना विचारायचं त्यांच्याशीच भांडण.

मग एका सकाळी गाळ्यासमोर टेम्पो उभा राहिला. चार माणसांनी प्रेस उतरवली. मी बघतच राहिले. टेम्पोवाला बोलला, मामांनी सांगितलंय, जमिनीवर ठेवायची नाही, टेबलावर चढवून बोल्ट आवळूनच यायचं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दांडा खाली आणून घट्ट केलेला, आणि त्याच्या आणि थाळीच्या मधे कापडात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. मी हँडल वर केलं, कापड सोडलं. पातं होतं. कापून, घासून तयार, पाणी न दिलेलं, मऊ. आणि खूण नव्हती. खुणेची जागा स्वच्छ घासून ठेवलेली.

थाळीवर ठेवलेलं होतं, म्हणजे मी उचलायचं होतं. उचललं. खणातून ठसा काढला, पात्यावर ठेवला आणि हँडल ओढलं.

चौथ्या दिवशी सुरी तयार झाली. मिठाच्या पाण्यात वाकलेली, प्रेसवर सरळ केलेली, बाभळीची मूठ. मी ती गोणपाटाखाली घेऊन वाकवली, डोळे मिटले, सोडली. परत आली. तशीच कागदात गुंडाळली आणि शहाडला गेले.

शेड उघडी होती. मामा पांढऱ्या शर्टात स्टुलावर बसलेले. भट्टी थंड. कोयता भिंतीवर तसाच. मी कागद सोडला आणि सवयीने सुरी ठेवायला वळले, तर ठेवायला जागाच नव्हती. टेबलावर चार बोल्टांची चार भोकं, आणि मधे जिथे प्रेस होती तिथे लाकडाचा फिका चौकोन. मी सुरी हातात धरून उभी. तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की त्यांनी काय देऊन टाकलंय. आयुष्यभराचं काम टेम्पोत घालून पाठवलं आणि हा माणूस मोकळ्या टेबलासमोर बसलाय. मला रडू फुटलं.

मामांनी हात पुढे केला. तो थरथरत होता, आता सरळ सरळ दिसत होता, लपवत नव्हते.

"दे."

"मामा, हातात?"

"दे गो. आपलं भांडून झालंय."

मी दिली. त्यांनी सुरी दाराच्या उजेडात नेली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले.

"अर्धा सूत," ते बोलले.

मी डोळे पुसून सुरी बघितली. वाकडी होती.